चारचौघांत बोलायचे कसे?

लासूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी कांदा निवडायला जाणारी एक बाई होती. तिला वाचता येत नाही. बटण दाबून ती मोबाईलला विचारते आणि मोबाईल बोलून सांगतो. ‘गाडी कुठवर आली’ हे तिने मोठ्याने विचारले. मात्र मुलीची शिष्यवृत्ती जमा झाली का, हे पाहायची वेळ आली तेव्हा मोबाईल माझ्यापुढे धरून ती हळूच म्हणाली, “दादा, तुम्हीच बघा.”

मोबाईल जाऊन त्याच्या जागी अंगावर वागवायचे, बोलून चालवायचे यंत्र येणार, असे सांगितले जाते. अमेरिकेतील ह्यूमेन कंपनीने २०२४ च्या एप्रिलमध्ये छातीवर लावायचा असा बिल्ला विक्रीस आणला. किंमत ६९९ डॉलर, शिवाय दरमहा २४ डॉलर. विचारलेला प्रश्न दूरच्या संगणकाकडे जाई, उत्तर तिकडून येई. पण सगळेच बोलून भागेना, म्हणून त्यांनाही तळहातावर उजेडाची अक्षरे पाडावी लागली, आणि ती उन्हात दिसत नसत. (लासूरच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको!) २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीचा मोठा भाग एचपीने ११.६ कोटी डॉलरला घेतला आणि २८ तारखेपासून बिल्ले मुके झाले.

यंत्र उद्या सुधारेल. आजूबाजूच्या कानांचे काय? उत्तर हळूच कानात सांगता येते, प्रश्न मात्र तोंडातूनच निघतो. नुसते आडनाव उच्चारले तरी समोरच्याची नजर बदलते, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? मग जातीचा दाखला, कर्जाचा हप्ता, अत्याचाराच्या खटल्याची तारीख हे भरल्या डब्यात यंत्राला कसे विचारायचे? ज्याच्या घरात वेगळी खोली नाही, त्याची खोली म्हणजे तो हातभर अंतरावरचा पडदा. दुकानातला पैसे मिळाल्याचे सांगणारा डबा रक्कम मोठ्याने सांगतो, देणाऱ्याचे नाव सांगत नाही. एवढे तारतम्य तरी हवे.

आणि भाषा? ज्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून यंत्राला शिकवले, त्यांचेच त्याला नीट कळते. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात कोणालाही आपला आवाज देता येतो. तिथे कांद्याच्या आवारातले मराठी कोण पोहोचवणार? त्या बाईला गाडीचा प्रश्न तीनदा विचारावा लागला होता. तिसऱ्यांदा तिने तो शाळेतल्या बाईंसारखा विचारला.

शिष्यवृत्ती आली नव्हती. मी काही न बोलता मान हलवली.