सव्वीस चौरस किलोमीटरचा देश

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळलं की आपण आंदर मावळात शिरतो. नाणे मावळ, पवन मावळ, लोणावळा-तळेगाव धरून अख्खा मावळ तालुका अकराशे चौरस किलोमीटरच्या वर भरतो. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 3,77,559. या सगळ्यांचा महसुली कारभार वडगावात एक तहसीलदार पाहतो, आणि गावांच्या विकासाचा एक गटविकास अधिकारी.

आता पॅसिफिकमधला तुवालू घ्या. नऊ बेटं, जमीन 26 चौरस किलोमीटर, 2017च्या जनगणनेत माणसं 10,645. मावळात असे चाळीस तुवालू मावतील, वर जागा उरेल. पण या दहा हजारांना पंतप्रधान आहे, 16 जणांची संसद आहे आणि 2000 सालापासून संयुक्त राष्ट्रांत आपल्या 140 कोटींइतकंच एक मत आहे. त्यांचं सागरी क्षेत्र साडेसात लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं!

मदतीला जागतिक बँक, आशियाई विकास बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, तैवान. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, जपानचं एप्रिलमध्ये, संयुक्त राष्ट्रांचं जानेवारीत. प्रत्येकाचा अहवाल वेगळा, लेखापरीक्षण वेगळं, पाहणी पथक वेगळं. खरी मेख इथे आहे: लोकसंख्या हजारपट कमी झाली म्हणून फॉर्म हजारपट छोटा होत नाही. आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्रांमागे धावणाऱ्या ग्रामसेवकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

2005 साली व्हिएतनाममध्ये देणगीदारांची 791 शिष्टमंडळं आली. सुट्ट्या धरूनही दिवसाला दोनांहून जास्त. व्हिएतनामकडे निदान त्यांना भेटायला माणसं होती. त्याच वर्षी मदतीच्या समन्वयासाठीच्या पॅरिस जाहीरनाम्यात ठरलं, की 2010पर्यंत देणगीदारांनी 40 टक्के दौरे एकत्र करायचे. 2010 साली मोजलं तेव्हा आकडा निघाला 19.

पैशांचं प्रमाणही चक्रावणारं आहे. किनारा वाचवायला हरित हवामान निधीने 2016 मध्ये तुवालूला 3 कोटी 60 लाख डॉलर मंजूर केले. तेव्हाच्या दराने माणशी सव्वादोन लाख रुपये. याच दराने मावळाला द्यायचे तर साडेआठ हजार कोटी लागतील. या प्रकल्पात राजधानी फुनाफुटीला भराव घालून सुमारे सात हेक्टर नवी जमीन मिळाली. सतरा-अठरा एकर! पैसे आले संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत, आणि त्यांचं पॅसिफिक कार्यालय फिजीतल्या सुव्यात, हजार किलोमीटरवर.

आंदर मावळाने विकासाचं उलटं टोक पाहिलंय. ठोकळवाडीचं धरण 1922चं; पाणी घाटाखाली भिवपुरीला, वीज मुंबईला, आणि कर्ता एकटा टाटा समूह. समन्वयाचा प्रश्नच नव्हता. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्याशीही फारसा नव्हता.

मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो तो 1987चा तुवालू विश्वस्त निधी. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि खुद्द तुवालूने एकाच भांड्यात पैसे टाकले. गुंतवणुकीच्या उत्पन्नातून सरकारी खर्चाची तूट भरायची. भारतानेही 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर विकास भागीदारी निधी काढला, पुढे तो 15 कोटी डॉलरचा झाला. पहिलं काम किरिबाटी, नाउरू, टोंगा यांच्यासह सात बेटदेशांतल्या हवामान-इशारा यंत्रणेचं, आणि तेही संयुक्त राष्ट्रांच्याच माणसांकरवी.