शिक्का कोणाचा मानावा?

कोणता ब्राउझर सर्वांत सुरक्षित, हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. संगणकाच्या धंद्यात असलेला एखादा भाचा दृष्टीस पडला की वडीलधारी मंडळी त्याला गाठतात, आणि तो बिचारा, ताटावर बसून व्याख्यान कसे द्यावे या संकोचाने, आपण स्वतः वापरतो त्याचे नाव सांगून मोकळा होतो. विचारणाराच्या मनात तिजोऱ्यांची तुलना असते. कोणत्या पेटीचा पत्रा जाड, एवढेच त्याला हवे असते. वस्तुतः ब्राउझर ही पेटी नसून आपल्या वतीने परक्यांशी बोलणारा मुखत्यार आहे, आणि मुखत्याराची पारख करताना तो कोणाचा शिक्का खरा मानतो, घरात आलेल्या अनोळखी माणसाला कोठवर येऊ देतो आणि त्याचा स्वतःचा चरितार्थ कशावर चालतो, हे पाहावे लागते. यांपैकी पहिल्या गोष्टीची कल्पना येण्यास २०१४ सालचा आपल्याच देशातील एक प्रसंग पुरेसा आहे. तो जरा विस्ताराने सांगतो.

आपण बँकेचा पत्ता टाकला म्हणजे पलीकडून उत्तर देणारी खरोखर बँकच आहे, हे ब्राउझरला अंतर्ज्ञानाने कळत नाही. पलीकडचा आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर एखाद्या प्रमाणन-संस्थेची डिजिटल सही असते. त्या संस्थेला तिच्याहून वरच्या संस्थेची सनद असते. आणि ही परंपरा ज्या मूळ संस्थांपाशी संपते त्यांची यादी ब्राउझरने, किंवा तो ज्या कार्यप्रणालीवर चालतो तिने, आधीच आपल्या दप्तरी बाळगलेली असते. मामलेदाराने शिक्का पाहून दस्त खरा धरावा, तशातलाच हा व्यवहार. भेद एवढाच की या दप्तरात शंभराहून अधिक शिक्के आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक कोणालाही जगातील जवळजवळ कोणत्याही पत्त्याचा दाखला देता येतो. २०११ साली डिजिनोटार या नेदरलँड्समधील संस्थेत चोर शिरले, तिच्या शिक्क्याने गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाले आणि त्यांच्या आधारे इराणमधील लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवली गेली; सर्व ब्राउझरांनी तो शिक्का काढून टाकला, आणि त्याच वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा संस्थांवर एक नियंत्रक नेमलेला आहे, आणि त्याच्या मूळ शिक्क्याखाली एनआयसी हे सरकारी केंद्र प्रमाणपत्रे देत असे. जुलै २०१४ च्या आरंभी गूगलच्या ध्यानी आले की आपल्या पत्त्यांची प्रमाणपत्रे एनआयसीच्या सहीने निघाली आहेत, आणि ती आपण मागितलेली नाहीत. नियंत्रकाला वर्दी गेली. दुसऱ्याच दिवशी एनआयसीची सनद रद्द झाली. पुढे चौकशीत तिची प्रमाणपत्रे देण्याची यंत्रणाच परक्या हाती गेली होती, असे निष्पन्न झाले.

आता एकाच विंडोज संगणकावर तीन ब्राउझर आहेत, आणि तिन्हींपुढे तोच खोटा दाखला आला आहे, अशी कल्पना करा. इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजची यादी पाहणारा. त्या यादीत भारताच्या नियंत्रकाचा शिक्का होता. सबब त्याने दाखला मुकाट्याने मान्य केला असता. क्रोमही त्या काळी विंडोजचीच यादी पाहत असे, परंतु गूगलच्या स्वतःच्या पत्त्यांना कोणत्या किल्ल्या चालतात हे त्याच्या पोटात पक्के नोंदलेले होते, म्हणून गूगलच्या नावाचा दाखला त्याने नाकारला असता; तोच दाखला दुसऱ्या एखाद्या पत्त्याचा असता तर, तो रद्द झाल्याची खबर येईपर्यंत, क्रोमचीही फसगतच झाली असती. फायरफॉक्सने मात्र स्वतःची निराळी यादी ठेवलेली असून तीत भारताचा शिक्का मुळी नव्हताच; त्याने त्या शिक्क्याखालचा कोणताही दाखला बाहेरच्या बाहेर परतविला असता. येथे फायरफॉक्सच्या दक्षतेचे कौतुक करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा हे बरे, कारण त्याला तारले ते त्याच्या दप्तराच्या शिरस्त्याने: फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाच्या यादीत नाव घालायचे तर अर्जाची छाननी जाहीरपणे, कोणीही हरकत घ्यावी अशा रीतीने होते. क्रोमनेही पुढे २०२२ पासून विंडोजवर आपली स्वतंत्र यादी ठेवण्यास आरंभ केला, यावरून हा धडा वाया गेला नाही असे दिसते.

शिक्क्याचे झाले, आता घरातील भिंती पाहू. २००१ सालचा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ म्हणजे एकच प्रशस्त दिवाणखाना होता. बँकेचे पान, मुलांच्या खेळाचे पान आणि कोणा लफंग्याने पाठविलेले पान अशी सारी एकाच सतरंजीवर बसत. त्यात ॲक्टिव्हएक्स नामक सोय अशी की, आलेल्या पानाला थेट संगणकाचा कारभार हाती घेता यावा. २००४ साली अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा पथकाने निराळा ब्राउझर वापरण्याचा पर्याय सुचविला, आणि २०१० च्या जानेवारीत जर्मन व फ्रेंच सरकारी संस्थांनी तोच सल्ला दिला. आपल्याकडील कचेऱ्यांतून तो ब्राउझर त्यानंतरही कित्येक वर्षे नांदला. डिजिटल सही त्याच्याखेरीज उमटत नाही, असे मला एका कार्यालयात अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले होते.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो वाड्याची बांधणी घेऊन. प्रत्येक पानाला शक्यतो वेगळी खोली, खोलीला बाहेरून कडी, आणि आतल्याला कोठारातील काही हवे असेल तर कारभाऱ्याकडे अर्ज. यालाच सँडबॉक्स म्हणतात. पान दुष्ट निघाले तरी त्याला एक फट शोधून भागत नाही, कडीही मोडावी लागते. व्हॅनकुव्हर येथे दरसाल ब्राउझर फोडण्याची स्पर्धा भरत असे. तीत २००९ साली सफारी, इंटरनेट एक्स्प्लोरर आणि फायरफॉक्स हे तिघेही पडले आणि क्रोम उभा राहिला, तो २०१२ पर्यंत. स्पर्धेतील इनामावरून अखेरचा निवाडा करू नये, हे खरे. तथापि भिंतींचे महत्त्व इतरांना पटले ते अशाच प्रसंगांनी. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष उघडकीस आला, तेव्हा एका खोलीत बसून संगणकाच्या मेंदूचा कानोसा घेता येतो हे कळले, आणि क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र खोली दिली. फायरफॉक्सला त्याच बांधणीस २०२१ उजाडले. या एका बाबतीत फायरफॉक्स बराच काळ मागे होता, हे त्याच्या चाहत्यांनी, आणि मी त्यांपैकी एक आहे, मान्य केले पाहिजे. उलट, क्रोमच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरहाताळणीतून उद्भवतात असे त्याच्याच अभियंत्यांनी २०२० साली सांगितले, आणि त्या रोगावरील रस्ट ही भाषा मोझिलाच्या आश्रयाने वाढली.

येथवर नावे घेतली, पण नावे फसवी असतात. जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हा क्रोमच्याच क्रोमियम या सांगाड्यावर उभा आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हेही त्याच गोत्रातले. आयफोनवर तर, युरोपीय संघातील २०२४ पासूनच्या सवलतीसारखे अपवाद वगळले, तर क्रोम काय नि फायरफॉक्स काय, आत सफारीचाच वेबकिट हा सांगाडा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराची फोड करणाऱ्या एका सामायिक भांडारात छिद्र सापडले, तेव्हा क्रोम, एज, फायरफॉक्स अशा सर्वांना एकाच आठवड्यात धावाधाव करावी लागली. छिद्र पडणे कोणास चुकत नाही. ते बुजविण्याची मुदत पाहावी. क्रोम त्याच वर्षापासून दर आठवड्यास सुरक्षेची डागडुजी पाठवितो. सफारीची डागडुजी आयफोनवर सबंध कार्यप्रणालीबरोबर येते, म्हणून ॲपलने ज्या फोनला निवृत्त केले त्याचा ब्राउझरही त्याच दिवशी म्हातारा होतो. आमच्या घरी कोपऱ्यातील 'अपडेट' हे बटन तीन आठवडे दिसत होते आणि मी त्याकडे वसुलीच्या तगाद्याकडे पाहावे तसे पाहत होतो, हेही सांगून टाकतो.

राहिला चरितार्थाचा प्रश्न. चोरापासून रक्षण आणि पाळतीपासून रक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. फायरफॉक्सने २०१९ साली आणि सफारीने २०२० साली परक्यांनी पाळतीसाठी ब्राउझरात ठेवलेल्या 'कुकी' नामक खुणांना मज्जाव केला. गूगलनेही २०२० साली तसे वचन दिले, मुदती वाढविल्या आणि २०२४ साली ते मागे घेतले. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडून याहून निराळे काय घडावे? अर्थात मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गूगलकडूनच येते, तेव्हा सोवळे कोणाचेच पूर्ण नाही. आपल्याकडे स्वस्त फोनांवर घरोघर पोहोचलेल्या चिनी यूसी ब्राउझरबद्दल २०१५ साली टोरोंटोच्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की, तो वापरणाराची ओळख पटविणारी माहिती नीट गुप्त न करताच रवाना करतो. त्यावर बंदी आली ती २०२० च्या जूनमध्ये, चीनशी सीमेवर उद्भवलेल्या संघर्षानंतर.

आता देशी ब्राउझरची हौस आली आहे. २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या 'उला'ला एक कोटी रुपयांचे पहिले इनाम मिळाले. तोही क्रोमियमच्याच सांगाड्यावरचा आहे, यात उणेपणा नाही. माझे लक्ष वेधले ते स्पर्धेच्या एका अटीने: ब्राउझरच्या यादीत भारताच्या नियंत्रकाचा मूळ शिक्का असलाच पाहिजे. आपल्या सरकारचा शिक्का आपल्या ब्राउझरने मानावा ही इच्छा स्वाभाविक आहे. पण तो इतरांनीही मानावा अशी इच्छा असेल, तर मोझिलाच्या त्या जाहीर छाननीपुढे उभे राहण्यावाचून दुसरी वाट मला दिसत नाही. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरून ती यादी कोणालाही उघडून पाहता येते. तीत स्पेनची सरकारी टांकसाळ आहे, हाँगकाँगचे टपालखाते आहे, बंगळुरूच्या ईमुद्रा या खाजगी कंपनीचा शिक्काही आहे. आपल्या नियंत्रकाचा नाही.