गादी : पाठ टेकण्यासाठी आणि उठण्यासाठीही

वर्षभरापूर्वीची गोष्ट. आईची जुनी कापसाची गादी मध्यभागी खोलगट झाली होती. रात्री कूस बदलताना तिची कंबर धरत असे आणि सकाळी पलंगाच्या काठाला धरून उभे राहण्यातच बराच वेळ जात असे. आम्ही भावंडांनी ठरवले, की आता तिच्यासाठी चांगल्यातली चांगली गादी घ्यायची. दुकानात गेलो, तळव्याने दाबून पाहिले आणि १० इंच जाडीची मऊशार गादी घरी आणली. आईला सोबत नेले नव्हते. या वयात तिला उगाच दगदग नको, असा आमचा विचार.

तिसऱ्या रात्री ती लघवीसाठी उठली. काठावर बसली तेव्हा पाय जमिनीला टेकेनात. पुढे सरकताच गादीचा काठ दबला आणि ती घसरून खाली बसली. सुदैवाने हाड मोडले नाही. सकाळी ती एवढेच म्हणाली, “गादी छान आहे रे, पण मला तिच्यावरून उतरता येत नाही.”

हिशेब अगदी साधा होता आणि तो आम्ही केला नव्हता. पलंगाची फळी जमिनीपासून १४ इंचांवर. जुन्या ४ इंची गादीसह उंची १८ इंच. नवी गादी आली आणि ती एकदम २४ इंच झाली. वेदना कमी करण्याच्या नादात आम्ही आईला पडण्याच्या धोक्यात ढकलले होते. ज्येष्ठांची गादी ही झोपण्याची जागा आहे, तशीच ती दिवसातून अनेकदा उठण्या-बसण्याचीही जागा आहे. हे ध्यानात ठेवले, तर निवडीतील निम्म्या चुका टळतात.

कडक फळीचा समज

“पाठ दुखते ना? मग फळीवर झोपा,” हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. मध्यभागी खचलेल्या गादीपेक्षा सपाट पृष्ठभाग बरा, एवढ्यापुरते त्यात तथ्य आहे. परंतु आपला पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. कमरेपाशी आणि मानेपाशी त्याला नैसर्गिक बाक असतो. फार कडक पृष्ठभागावर खांदे, खुबे आणि माकडहाड एवढेच टेकतात, कंबर अधांतरी राहते व तेथील स्नायू ताणलेले राहतात. फार मऊ गादीत उलट घडते : जड कटिभाग आत रुततो आणि कणा झोळीसारखा वाकतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये स्पेनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली, हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना आणि दैनंदिन हालचालींतील अडचण अधिक प्रमाणात कमी झालेली आढळली. हा अभ्यास केवळ वृद्धांचा नव्हता. तरीही फळीच्या सल्ल्याचा फेरविचार करण्यास तो पुरेसा आहे.

वाढत्या वयात स्नायू आणि त्वचेखालील चरबी झिजते, हाडे वर येतात. म्हणून सडपातळ ज्येष्ठांना मध्यम कडक गादीवर २ इंचांचा मऊ थर लाभदायक ठरतो. वजनदार व्यक्तीला तीच गादी अधिक मऊ लागेल. तिला खालचा आधार भक्कम हवा. एकाच पलंगावर निजणाऱ्या पती-पत्नींच्या वजनात मोठा फरक असेल, तर दोन स्वतंत्र गाद्या शेजारी मांडणे श्रेयस्कर.

तळव्याने दाबू नका, झोपून पाहा

गादीची परीक्षा हाताने होत नाही. जिच्यासाठी गादी घ्यायची, त्या व्यक्तीला दुकानात न्यावे. सकाळची निवांत वेळ निवडावी, नेहमीची उशी बरोबर घ्यावी आणि प्रत्येक गादीला किमान १० ते १५ मिनिटे द्यावीत.

प्रथम उताणे झोपावे. कमरेखाली हात सरकवून पाहावा. हात सैल फिरत असेल, तर गादी अति कडक. मुळीच शिरत नसेल, तर अति मऊ. थोड्या प्रयत्नाने शिरत असेल, तर योग्य. मग कुशीवर वळावे. खांदा व खुबा किंचित आत जाऊन मान, पाठ आणि कंबर एका रेषेत आहेत का, हे सोबतच्या व्यक्तीने मागून पाहावे.

यानंतर दोन-तीनदा कूस बदलावी. गुडघे व खांदे दुखणाऱ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची चाचणी आहे. अंग रुतवून घेणारी गादी पडल्या पडल्या सुखद वाटते. मात्र रात्री कूस बदलताना खड्ड्यातून वर यावे तसे श्रम पडतात. कंपवात किंवा अर्धांगवायू असलेल्यांना ती विशेष गैरसोयीची. अखेरीस काठावर बसावे आणि कोणाचाही हात न धरता उठून पाहावे.

कापूस, काथ्या, फोम

कापसाची गादी आपल्या हवामानाला मानवते. अंगाखाली फारशी तापत नाही. परंतु कापूस दबत जातो आणि त्याच्या गुठळ्या होतात. तिला वरचेवर ऊन दाखवावे लागते आणि ठरावीक काळाने पिंजून पुन्हा भरावी लागते. पूर्वी पिंजारी दारावर येत असत. आता बऱ्याच ठिकाणी ते मिळत नाहीत. शिवाय तिचे ओझे मोठे. दोन वयस्क माणसांच्या घरात ती गच्चीवर न्यायची कोणी, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

काथ्याची गादी नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून बनवतात. तिच्यात हवा खेळती राहते आणि आधार भक्कम मिळतो. मात्र ती बरीच कडक असते आणि जेथे रोज भार पडतो तेथे काही वर्षांत बसते. कृश व्यक्तींनी ती वरच्या मऊ थरावाचून वापरू नये. रबराच्या चिकापासून केलेली लेटेक्सची गादी लवचिक असते, दाबली की लगेच वर येते आणि त्यामुळे कूस बदलणे सोपे जाते. ती वजनाला आणि किमतीला मात्र जड.

साध्या फोमबाबत विक्रेते ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे आकडे सांगतात. हा आकडा एका घनमीटर फोमचे वजन किलोग्रॅममध्ये दाखवतो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. ती किती कडक आहे हे कळत नाही. ‘मेमरी फोम’चा उगम १९६०च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’साठी विमानांच्या आसनांवर झालेल्या संशोधनात आहे. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो, म्हणून दुखऱ्या खुब्यावरचा व खांद्यावरचा दाब कमी होतो. परंतु तो उष्णता धरून ठेवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड मेमरी फोम नकोसा होतो. मध्यम कडक गादीवर त्याचा पातळ थर पुरे.

‘ऑर्थोपेडिक’ या छापील शब्दाने मात्र भारावून जाऊ नये. तो मुख्यतः व्यापारी शब्द आहे. आपल्या दुखण्याचे निदान कोणतेही लेबल करत नाही.

उंचीचा हिशेब

घरून निघण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. एक, अनवाणी बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची उंची. दुसरे, जमिनीपासून पलंगाच्या फळीपर्यंतची उंची. गादीवर बसल्यानंतर ती थोडी दबते हे धरून, एकूण उंची पहिल्या मापाच्या जवळपास किंवा किंचित अधिक असावी. काठावर बसले असता दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. गुडघे खुब्यांच्या वर येत असतील, तर पलंग ठेंगणा आहे. अशा ठिकाणाहून उठताना झिजलेल्या गुडघ्यांवर फार भार येतो. खुब्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण झालेल्यांनी शल्यचिकित्सकांनी सांगितलेली उंचीच प्रमाण मानावी.

गादीइतकेच तिच्याखालचे लाकूडही महत्त्वाचे. फळी मधोमध वाकलेली असेल किंवा नवार सैल झाली असेल, तर कितीही उत्तम गादी वर्षभरात झोळी होते. लांबीचे माप घेताना पायथ्याशी पाय दुमडावे लागणार नाहीत, हेही पाहावे.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांच्यासाठी आरामापेक्षा त्वचेचे रक्षण महत्त्वाचे. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू येथे सतत दाब पडून रक्तपुरवठा खुंटतो व शय्याव्रण, म्हणजे बेडसोर, होतात. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असेल, तर रुग्णाला दुखणे जाणवतही नाही. अशा वेळी आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची हवेची गादी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

मात्र ती आणली की काळजी मिटली, असे समजू नये. साधारण दर २ तासांनी कूस बदलून देण्याची गरज तिच्यामुळे संपत नाही. किती अंतराने हे डॉक्टर किंवा परिचारिकेकडून ठरवून घ्यावे. पंप चालू आहे का, हे रोज पाहावे. वीज जाते अशा गावी खाली साधी गादी ठेवावीच. जाड रबरी चादरीने घाम साचतो. तिच्यावर सुती चादर सुरकुती न ठेवता अंथरावी. माकडहाडाखाली गोल रिंगसारखी उशी देऊ नये. तिच्या कडांचा दाब रक्तप्रवाह आणखी अडवतो. रोज स्नानाच्या वेळी त्वचा पाहावी. लाल झालेला भाग बोटाने दाबून सोडल्यावरही फिका पडत नसेल, तर तीच धोक्याची पहिली खूण आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्ण, घट्ट किंवा अधिक काळपट झालेला भाग शोधावा.

प्रवासातील बिछाना

घरी सुखाने झोपणारे ज्येष्ठ परगावी हैराण होतात, कारण तेथील बिछाना आपल्या हाती नसतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वा ब्रिटनमधील मुलांकडे गेलेले अनेक आई-वडील आता कॅराव्हॅनमधूनही फिरतात; महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. या चाकांवरच्या घरात दिवसाचे आसनच रात्री पलंग होते. गिरद्या जोडून केलेल्या बिछान्यात नेमकी कमरेखाली फट येते. त्यावर २ इंचांचा गुंडाळता येणारा फोमचा थर किंवा दुहेरी गोधडी अंथरली, की फट झाकली जाते. रात्री उठावे लागणाऱ्याने बाहेरच्या बाजूला निजावे, म्हणजे जोडीदाराला ओलांडून जावे लागत नाही. वाहन भाड्याने घेतानाच बिछाना जमिनीपासून किती उंच आहे आणि शिडी चढावी लागते का, हे विचारावे. थंड प्रदेशात गादीच्या खालच्या बाजूस दव धरते. सकाळी ती उचलून वारा लागू द्यावा.

खरेदीपूर्वी

प्रत्येक दुखणे गादीमुळे नसते. परगावी किंवा दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यास सकाळ सुखाची जात असेल, तर दोष गादीत असण्याचा संभव अधिक. नवी गादी लगेच घेणे शक्य नसेल, तर खोलगट गादीखाली प्लायवूडची फळी सरकवावी किंवा वर फोमचा थर टाकावा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतल्याने कंबर व खुब्यांवरचा ताण उतरतो. उताणे झोपणाऱ्यांना गुडघ्यांखालची छोटी उशी आराम देते. गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेल्यांनी मात्र ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, कारण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडू शकतो.

काही लक्षणांत मात्र गादीच्या दुकानापूर्वी दवाखाना गाठावा : पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी, विश्रांतीनेही न शमणारी रात्रीची वेदना, सोबत ताप किंवा वजन घटणे, सकाळी तासाभराहून अधिक टिकणारा सांध्यांचा ताठरपणा. पायांत अशक्तपणा येणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ही तर तातडीची लक्षणे होत. त्यांत एक दिवसाचाही विलंब करू नये.

आमच्या त्या १० इंची गादीचे पुढे काय झाले? वापरलेली म्हणून दुकानाने ती परत घेतली नाही. ती आता धाकट्या भावाकडे आहे. दुसऱ्या खेपेस आईला बरोबर नेले. ती प्रत्येक गादीवर आडवी झाली, कुशीवर वळली, काठावर बसली, उठली आणि तीन गाद्या तिने स्वतःच नाकारल्या. तिने निवडलेली ५ इंची मध्यम कडक गादी आम्ही दाखवलेल्या गाद्यांपेक्षा स्वस्त निघाली. तिची कंबरदुखी पूर्ण गेलेली नाही. परंतु रात्री ती कोणाला हाक न मारता उठते, पाय जमिनीवर टेकवते, क्षणभर थांबते आणि मग चालू लागते.