आकड्याला एकटं सोडू नका

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.01 मिलिग्रॅम. आता तुमच्या टेबलात नुसतंच 8 लिहिलंय. पाणी प्यायचं की नाही? एकक कळल्याशिवाय सांगता येणार नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझं हेच झालं. नव्या टेबलात आकड्यांचा कॉलम कॉपी केला, एककांचा राहून गेला. मग दोन आठवडे लॅबच्या जुन्या वह्या चाळत बसले.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यावर उपाय आहे: कंपोझिट टाइप, म्हणजे अनेक घटक मिळून एक डेटा टाइप. 'क्रिएट टाइप मोजमाप अ‍ॅज' लिहून कंसात तीन घटक द्या: मूल्य न्यूमेरिक, एकक टेक्स्ट, अनिश्चितता न्यूमेरिक. टेबल बनवताना 'आर्सेनिक' कॉलमचा टाइप 'मोजमाप' ठेवा. आता कॉलम कॉपी केला की तिन्ही घटक सोबतच जातात.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. एक, घटक वाचताना कॉलमचं नाव कंसात लिहा: (आर्सेनिक).मूल्य. कंस विसरलात, तर 'आर्सेनिक' हे टेबलाचं नाव समजलं जातं आणि एरर येते. दोन, टाइपच्या आत 'नॉट नल' किंवा 'चेक' घालता येत नाही, त्यामुळे एकक रिकामं राहू शकतं. ती अट टेबलावर लावा: चेक ((आर्सेनिक).एकक इज नॉट नल). तीन, टाइप एखाद्या टेबलात वापरला गेला, की त्यातल्या घटकाचा टाइप बदलू दिला जात नाही.

म्हणून पहिला नमुना नोंदवण्याआधीच कागदावर लिहून काढा: माझ्या एका मोजमापात नेमकं काय काय येतं?