भूवैज्ञानिकाची सीपीडी नोंद: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं नाचणगाव पुलगावला लागूनच आहे. इथला शेतकरी विहिरीची किंवा बोअरची जागा विचारतो, तेव्हा भूवैज्ञानिकाच्या शब्दावर विसंबून वेळप्रसंगी कर्ज काढून पैसा जमिनीत घालतो. त्या शब्दामागचं ज्ञान आजचं आहे की पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एम.एस्सी.चं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. निदान भूवैज्ञानिकाला स्वतःला तरी ते कळावं, यासाठी सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची, म्हणजे सीपीडीची, नोंद ठेवायची असते. तिच्याविषयी आपल्याकडे काही गैरसमज रुजले आहेत.

गैरसमज १: खडक तेच आहेत, मग नवीन काय शिकायचं?

वस्तुस्थिती: नाचणगावच्या जमिनीखालचा दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो तसाच आहे, पण त्यातलं पाणी मोजण्याची रीत बदलली. देशातल्या भूजल मूल्यांकनाची १९८४ ची पद्धत १९९७ मध्ये सुधारली गेली, पुन्हा २०१५ मध्ये सुधारली गेली आणि जलधरानुसार मूल्यांकनावर भर आला. २०२२ पासून हे मूल्यांकन दरवर्षी होतं. खनिजांच्या बाजूला पाहिलं, तर खाण आणि खनिज कायद्यात २०१५, २०२१ आणि २०२३ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. १९९७ च्या पद्धतीवर शिकून थांबलेला माणूस आज जुन्या मापाने हिशेब करतो आणि त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो.

गैरसमज २: कायद्याने सक्ती नाही, म्हणजे गरज नाही.

वस्तुस्थिती: सक्ती नाही हे खरं आहे. डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे क्रेडिट गुण दाखवावे लागतात. भूवैज्ञानिकांसाठी आपल्याकडे अशी वैधानिक परिषदच नाही. खाण आराखडा करणाऱ्याची पात्रता ठरवताना २०१६ च्या खनिज सवलत नियमांनी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागितला. ही अट पूर्ण केलेला माणूस पुढे काय शिकला, हे त्यातून कळत नाही. विचारणारं कोणी नसेल, तर स्वतःला विचारण्याची जबाबदारी वाढते. परदेशी जाणाऱ्यांना मात्र हा प्रश्न थेट विचारला जातो. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या चार्टर्ड जिऑलॉजिस्टला सीपीडी नोंद ठेवावीच लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्यावसायिक भूवैज्ञानिकाला तीन वर्षांत किमान ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

गैरसमज ३: सीपीडी म्हणजे प्रमाणपत्रांची फाइल.

वस्तुस्थिती: प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही हजर होता. काय शिकलात आणि त्याने कामात काय बदललं, हे नोंदीत यायला हवं. समजा, नाचणगावच्या शिवारात एक विहीर खोदली जातेय. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली अखंड काळा पाषाण. विद्युत रोधकता सर्वेक्षणावरून तुम्ही पाषाण आठ मीटरवर सांगितला होता, तो पाच मीटरलाच लागला. त्या दिवसाची नोंद अशी होईल:

तारीख आणि अवधी: खोदकामाची पाहणी दोन तास, आलेखाचा फेरअभ्यास तीन तास.
काय कळलं: कमी रोधकतेचा पातळ थर आणि थोड्या जास्त रोधकतेचा जाड थर यांचे आलेख जवळजवळ सारखेच येतात. मी जाड थर गृहीत धरला.
पुढे काय बदलेन: शेजारच्या उघड्या विहिरीतले थर मोजल्याशिवाय आलेखाचा अर्थ लावणार नाही.
पुरावा: थरांचं रेखाटन, आलेखाची प्रत.

या चार ओळींचं मोल परिषदेतल्या दिवसभराच्या हजेरीपेक्षा जास्त आहे. शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक मात्र त्यात घालू नये. ती माहिती त्याची आहे.

गैरसमज ४: रोज फील्डवर असतो, तेच माझं सीपीडी.

वस्तुस्थिती: एकाच पद्धतीने दिलेल्या शंभर जागा म्हणजे शंभर वेळा केलेलं एकच काम. नवं काही कळलं, जुना समज मोडला किंवा नवं तंत्र हाताळलं, तेवढंच शिक्षण. म्हणूनच कोरडं गेलेलं बोअर नोंदीत यायलाच हवं, आणि ते का कोरडं गेलं याचा शोधही. अपयश लिहिल्याने पत जाते, ही भीती अनाठायी आहे. कारण न शोधता तीच चूक पुन्हा केली, तर पत जाते.

गैरसमज ५: हे महानगरातल्या, कंपनीतल्या लोकांचं काम.

वस्तुस्थिती: नाचणगावहून नागपूर काही तासांवर आहे. भारतीय खाण ब्युरो आणि मिनरल एक्स्प्लोरेशन ही सरकारी कंपनी या दोन्हींची मुख्यालयं तिथे आहेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही तिथेच. केंद्रीय भूजल मंडळाची प्रशिक्षण संस्था रायपूरला आहे. डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार ऑनलाइन खुलं आहे. गावातल्या पाणलोट समितीला भूजलाचा ताळेबंद समजावून सांगणं हेही सीपीडीत धरता येतं, कारण तयारी करताना आपल्याच ज्ञानातल्या फटी दिसतात.

गैरसमज ६: मार्चअखेर बसून वर्षाची नोंद एकदम लिहिता येते.

वस्तुस्थिती: लिहिता येते, पण तेव्हा तारखा आणि नावंच आठवतात. विचार कसा बदलला ते विसरलेलं असतं. आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. वर्षाच्या सुरुवातीला दोन-तीन उद्दिष्टं लिहावीत, वर्षअखेरीस ती ताडून पाहावीत आणि जे राहिलं ते पुढच्या वर्षाच्या यादीत सर्वांत वर घ्यावं. वही असो की एक्सेल, फरक पडत नाही.

अशी नोंद ठेवणारा भूवैज्ञानिक शेतकऱ्याला जागा दाखवताना ती का निवडली आणि अंदाज कुठे चुकू शकतो, हेही सांगू शकतो. पैसा जमिनीत घालणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.