शंकरपट, पाऊस आणि कॅमेरा

शंकरपट : चंद्रपूर, गडचिरोलीसह पूर्व विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. धान निघालं की हिवाळ्यात भरते. रात्री झाडीपट्टीचं नाटक.

पाऊस : पट मातीचा, सरळ. अवकाळी सर आली की चिखलात खूर घसरतात, जोडी जायबंदी होण्याची भीती. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीचंही तसंच : गाड्यांची टायरं गुळगुळीत. डांबरी ओव्हल ट्रॅक ओला झाला की शर्यत थांबते. त्यातलीच एक शर्यत ‘डेटोना 500’ पावसामुळे 2012 आणि 2020 मध्ये सोमवारवर गेली.

कॅमेरा : ‘डेटोना 500’ पहिल्यांदा संपूर्ण थेट दिसली 1979 मध्ये, सीबीएसवर. हिमवादळामुळे लाखो लोक घरीच होते. पटाचं चित्रीकरण राज्याच्या नियमांनुसार बंधनकारक.

कायदा : 7 मे 2014 बैलांच्या शर्यतींवर बंदी. 16 डिसेंबर 2021 सशर्त परवानगी. 18 मे 2023 सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं शिक्कामोर्तब.