कुलूप बिघडले की बिजागरी?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कॉलेजात दर वर्षी एक तक्रार ठरलेली. भौतिकशास्त्राच्या भांडारखोलीचे दार लागत नाही! इमारत शंभर वर्षांहून जुनी, दगडी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दार सागवानी आणि चांगले जाडजूड. त्याला पितळी बिजागऱ्या, पितळी मूठ आणि कवाडाच्या जाडीत बसवलेले जुने कुलूप. किल्ली फिरते, पण कुलपाची जीभ चौकटीवरच्या पितळी पट्टीच्या भोकात शिरत नाही. मग कोणीतरी कानस आणून ते भोक खालच्या बाजूने थोडे वाढवतो आणि वर्षभराची निश्चिंती होते. गेल्या खेपेस मात्र भोकाखाली पट्टी अशी उरलीच नाही. कार्यालयातून निरोप आला, की जुने सामान सगळे काढून टाका, ॲल्युमिनियमचे नवे बसवू.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारण सरळ होते. दर वर्षी कुलपालाच दोष दिला जात होता, पण कुलूप काढून कोणी पाहिलेच नव्हते. मी आणि आमचे म्हातारे सुतारमिस्त्री दारापाशी उभे राहिलो. मिस्त्रींनी मूठ दोन्ही हातांनी धरून कवाड किंचित वर उचलले आणि मला म्हणाले, "सर, वरची बिजागरी बघा." पाहतो तो बिजागरीचे पान चौकटीपासून हलत होते. कवाड उचलून धरताच कुलपाची जीभ नेमकी भोकासमोर आली!

विद्यार्थी मित्रांनो, हे असे का होते ते नववी-दहावीच्या गणिताने कळण्यासारखे आहे. आमच्या कवाडाची रुंदी १०८ सेंटिमीटर. सागाची घनता आणि कवाडाचे आकारमान यांवरून त्याचे वजन सुमारे ७० किलोग्रॅम निघाले. हे वजन कवाडाच्या मध्यातून, म्हणजे बिजागऱ्यांपासून ५४ सेंटिमीटर अंतरावरून खाली ओढते आणि कवाडाला बिजागऱ्यांभोवती खाली झुकवू पाहते. त्याला अडवतात त्या दोन बिजागऱ्या. वरची कवाडाला चौकटीकडे ओढून धरते, तर खालची त्याला चौकटीपासून दूर रेटते. दोन्ही बिजागऱ्यांमध्ये उभे अंतर १८० सेंटिमीटर आहे. परिबले समान धरली, तर ७० गुणिले ५४ भागिले १८० म्हणजे २१. वरच्या बिजागरीच्या स्क्रूंना रात्रंदिवस २१ किलोग्रॅम-भार इतकी आडवी ओढ सोसावी लागते. खालच्या बिजागरीवरही बल तेवढेच असते, पण ते स्क्रू लाकडात दाबणारे असते, उपटणारे नव्हे. म्हणून जुन्या दारांत बहुधा वरचीच बिजागरी आधी सुटते.

आता वरची बिजागरी चौकटीपासून ५ मिलिमीटर पुढे आली, तर मुठीकडची कड किती खाली येईल? ५ गुणिले १०८ भागिले १८०, म्हणजे ३ मिलिमीटर. कानशीने भोक वाढवले होते तेही जवळपास तेवढेच. रोग वरच्या बिजागरीला आणि औषध कुलपाच्या पट्टीला, असा हा प्रकार चालला होता.

पण स्क्रू सुटले कशाने? मिस्त्रींनी ते काढले, तेव्हा उत्तर हातात आले. मूळचे स्क्रू पितळेचे असणार. हे मात्र लोखंडाचे होते आणि त्यांच्या डोक्यावर फुलीच्या आकाराची खाच होती. असे फुलीचे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. म्हणजे दार बसवल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कोणीतरी दुरुस्ती केली होती. (जुन्या इमारतीत स्क्रूचे डोके पाहून कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहूनचा याचा असा अंदाज करता येतो. मला हा छंदच लागला आहे.) स्क्रूचे दांडे गंजून सुतळीएवढे बारीक झाले होते.

लोखंड आणि पितळ एकमेकांना टेकलेले आणि वर खाऱ्या हवेतला ओलावा, म्हणजे झाला विद्युत्-घट तयार. तांब्याचे प्रमाण विभव धन ०.३४ व्होल्ट, लोखंडाचे ऋण ०.४४. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असले, तरी या बाबतीत ते तांब्याच्या बाजूचे. अशा घटात विजेरीतल्या जस्तासारखी झीज होते ती लोखंडाची. त्यातही बिजागरीचे पान मोठे आणि स्क्रू लहान. मोठ्या पितळी पृष्ठाने चालवलेली सगळी झीज इवल्याशा लोखंडावर येऊन पडते. उलट मोठ्या लोखंडी पानात पितळी स्क्रू असता, तर नुकसान इतके झपाट्याने झाले नसते. शिवाय लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा घेतो. तो भोवतालचे लाकूड फोडतो आणि मग स्क्रूला पकड राहत नाही. स्क्रूभोवती सागावर काळा डाग पडला होता. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत. लाकडातले टॅनिन आणि लोखंड यांची तीच शाई इथे दाराच्या पोटात तयार झाली होती.

मुंबईचे उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा १८७८ सालचे, बोरीबंदरचे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ सालचे. समुद्राच्या वाऱ्यातल्या अशा कुठल्याही जुन्या इमारतीत, जिथे पितळी सामानात लोखंडी स्क्रू घातला जाईल, तिथे हाच घट सुरू होणार.

इलाज स्वस्त होता. फुटलेली भोके साफ करून त्यांत सागाच्या खुंट्या सरसाने बसवल्या आणि पुन्हा बारीक भोके पाडली. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर केला की मान मोडते. म्हणून मिस्त्रींनी आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून लाकडात आटे पाडले, तो काढला आणि मग मेण लावून पितळी स्क्रू हलक्या हाताने बसवला. बिजागरीच्या नळ्या एकमेकींवर घासून झिजल्या होत्या, तिथे मधे पितळेची पातळ चकती सरकवली. कवाड आपल्या जागी वर आले.

आता उरली स्वच्छता, आणि खरे नुकसान इथेच होण्याचा संभव असतो. बिजागऱ्यांवर तेलरंगाचे चार-पाच थर होते. शिपायाने खरवडायला पत्रा उचलला, तो मी थांबवला. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि कोरडा रंग खरवडला की त्याची विषारी धूळ श्वासात जाते. हे काम तुम्ही घरी मुळीच करू नका. आम्ही बिजागऱ्या काढून, उघड्या जागी, धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात ठेवल्या. रंग ओलाच असताना सुटला आणि तो गोळा करून वेगळा ठेवला.

मग पितळ चिंचेने घासावे की पॉलिशने? आमच्या घरी देवाची भांडी चिंचेने लखलखतात, हे खरे. पण पितळी भांडे चिंचेत रात्रभर राहिले, तर सकाळी ते तांबूस दिसते. आम्लात जस्त आधी विरघळते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. भांड्याचे एक वेळ चालेल. बिजागरीच्या घासणाऱ्या नळीला ते चालणार नाही. पॉलिशचीही गंमत आहे. पॉलिश चमक आणते ती धातूचा पातळ थर काढून. समजा एका वेळी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग गेला. आठवड्यातून एकदा घासले, तर शंभर वर्षांत ५२०० वेळा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक! अमेरिकेत टेक्सास राज्याचे विधानभवन १८८८ साली पुरे झाले. त्याच्या बिजागऱ्या प्रत्येकी तीन किलोग्रॅमच्या वर वजनाच्या आणि त्यांवर इमारतीचे नाव कोरलेले. अशी अक्षरे किती खोल असतील याचा विचार केला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळते.

काही पॉलिशांत अमोनिया असतो. त्याची एक कथा आपल्याच देशातली आहे. इंग्रजी अमदानीत लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. त्यांची साठवण तबेल्यांजवळ असे आणि घोड्यांच्या मुतातून हवेत अमोनिया मिसळे. काडतुसाच्या पातळ पितळेत घडवतानाच ताण राहून गेलेला असतो. ओलावा आणि अमोनिया मिळताच ती चिरते. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. पातळ पत्र्यापासून दाबून केलेल्या पोकळ मुठींतही असा ताण असू शकतो. म्हणून आम्ही साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके यांवरच थांबलो. मुठीवर काळसर छटा राहिली, ती राहू दिली. ती धातूचे रक्षणच करते.

मुठीला लाखेचा पारदर्शक थर द्यावा अशी सूचना आली होती. ती मी मानली नाही. १९८३ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात विद्यार्थ्यांनी दारांच्या मुठींवरून जंतूंचे नमुने घेतले होते. पोलादी मुठींवर जंतू भरपूर वाढले, पितळी मुठींवर अगदी तुरळक. तांबे जंतूंना मारक आहे, पण त्यासाठी हाताचा स्पर्श धातूला व्हायला हवा, लाखेला नव्हे.

शेवटी ज्याला इतकी वर्षे दोष दिला, ते कुलूप उघडले. आत पितळी पट्ट्यांची चळत. किल्लीने प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर, ना कमी ना जास्त, उचलली तरच जीभ सरकते. ही युक्ती रॉबर्ट बॅरन याने इंग्लंडात १७७८ साली काढली. आमच्या कुलपात एकही पट्टी झिजलेली नव्हती. एक स्प्रिंग मोडली होती आणि सगळीकडे तेलात कालवलेल्या धुळीचा चिखल होता. पिढ्यानपिढ्या कोणी ना कोणी किल्लीच्या भोकातून तेल सोडत आले असावे. तेल आणि धूळ मिळून घासण्याची उत्तम पेस्ट होते. कुलूप धुऊन, नवी स्प्रिंग घालून, आत ग्रॅफाइटची कोरडी पूड घातली.

जुने म्हणून सगळे तसेच ठेवावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. आमच्या सभागृहाच्या दाराला आतून जमिनीत उतरणारी एक सुंदर पितळी खिटी आहे. अशाच खिटीमुळे १६ जून १८८३ रोजी इंग्लंडातल्या संडरलंड गावी अनर्थ झाला. व्हिक्टोरिया हॉलमध्ये खेळ संपल्यावर खाली खेळणी वाटताहेत हे पाहून सज्जातली मुले जिन्याने धावली. तळाचे दार आतल्या बाजूला उघडणारे, आणि एका वेळी एकच मूल जाईल इतक्या फटीवर खिटीने पक्के केलेले. मागून लोंढा येत राहिला. १८३ मुले गेली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज याने आतून नुसते रेटले की उघडणारा आडवा दांडा शोधला. त्याचे पेटंट १८९२ सालचे आहे. आम्ही सभागृहाची जुनी खिटी घासूनपुसून वर उचललेल्या स्थितीत कायमची अडकवली आणि दाराला असा नवा दांडा बसवायला सांगितले. त्यासाठी सागात चार नवी भोके पडली. मिस्त्रींना ते आवडले नाही. मलाही फारसे नाही, पण भोके पाडली.

भांडारखोलीची कानशीने खाल्लेली पट्टी आम्ही बदललेली नाही. जीभ आता भोकाच्या वरच्या अंगाला, जुन्या ठिकाणी शिरते आणि खाली तीन मिलिमीटर जागा मोकळी दिसते. तुमच्या शाळेतही कुरकुरणारे एखादे जुने दार असेल. त्याची रुंदी, उंची, जाडी आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर मोजा, सागाची घनता दर घनमीटरला ६५० किलोग्रॅम धरा, आणि वरच्या बिजागरीवर किती ओढ आहे ते काढा. मग मूठ धरून कवाड हळूच वर उचलून पाहा.